वेगाची परीक्षा : सपाट शर्यतींतील अश्वांविषयीच्या लेखसंग्रहाची प्रस्तावना

वाशिम येथे १९३९ साली सापडलेल्या आणि वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा इतिहास ज्याच्यामुळे विद्वानांच्या दृष्टिपथात आला त्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात, त्याचा आजा पहिला प्रवरसेन याने केलेल्या यज्ञांची जी नामावली कोरलेली आहे, तीत वाजपेयाचा निर्देश आहे आणि चार अश्वमेधांचाही आहे. अश्वमेधाचा घोडा मोकळा सोडला जाई आणि तो जेथवर निर्वेध संचार करी तेथवर यजमान राजाचे स्वामित्व मान्य होई. वाजपेयात तर रथांची धाव हा विधीचाच एक भाग असे. ज्या नगरीत बसून ही प्रस्तावना लिहिली जात आहे, तिच्या प्राचीन दप्तरातच अशा रीतीने घोडा आणि त्याची धाव यांना राजप्रतिष्ठेचे स्थान मिळालेले आहे. पुढे सत्ता पालटल्या, सुभे आणि परगणे यांच्या हद्दी बदलल्या, पण घोड्याचे माहात्म्य उणे झाले नाही. १६७० मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने कारंज्यासारख्या संपन्न पेठेवर चाल केली ती घोड्यांच्या बळावर. स्वतःचा घोडा बाळगणारा शिलेदार आणि सरकारी पागेतला घोडा घेणारा बारगीर हा भेद मराठी मुलुखात कोणाला समजावून सांगावा लागत नसे. आणि मानोरा तालुक्यातील पोहरादेवीस आजही बंजारा समाज सेवालाल महाराजांबरोबर त्यांच्या तोळाराम घोड्याचे नाव आदराने घेतो.

असे असूनही, अडथळ्यांवाचून समतल मैदानावर जातिवंत घोड्यांची जी शर्यत धावते, जिला सपाट शर्यत म्हणतात, ती आमच्या जिल्ह्यातील वाचकाला परकी राहिली आहे. मुंबईच्या महालक्ष्मीवर किंवा पुण्याच्या लष्करात काही श्रीमंत लोक घोड्यांवर पैसे लावतात, यापलीकडे तिच्याविषयीची माहिती फारशी पोहोचलेली नाही, आणि जी पोहोचली ती लाभहानीच्या वार्तांतून पोहोचल्यामुळे घोडा त्यातून जवळजवळ अदृश्यच झाला आहे. प्रस्तुत संग्रहातील लेखांचा हेतू हा अदृश्य झालेला घोडा वाचकाच्या डोळ्यांपुढे पुन्हा उभा करावा, एवढाच आहे. गेल्या पंधरा वर्षांच्या आसपास जगातील निरनिराळ्या मैदानांवर काही अश्वांनी जी कामगिरी केली, ती केवळ पैजेच्या चोपडीत मिटवून ठेवण्याजोगी नाही. प्राण्याचे बळ, त्याचा स्वभाव आणि माणसाने त्याच्याशी केलेला व्यवहार या तिहींचा तीत असा काही संगम झालेला आहे की, ज्याला जनावराची पारख आहे त्याला ती जाणून घेतल्यावाचून राहवणार नाही.

आणि ही पारख वऱ्हाडात निःसंशय आहे. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली उभ्या राहिलेल्या जोड्यांकडे पाहून त्यांचे वय, त्यांची खोड, त्यांच्या खुरांची ठेवण आणि त्यांच्या धन्याची नियत या चारही गोष्टी एका नजरेत सांगणारी माणसे रिसोड-मालेगावपासून मंगरूळपीर-कारंजापर्यंत गावोगाव भेटतात. शंकरपटावर तर हीच नजर अधिक तीक्ष्ण होते. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरसारख्या ठिकाणचा पट पाहण्यास लोक दूरदूरच्या गावांहून जातात, ते केवळ कोणती जोडी किती सेकंदांत धावली हे ऐकण्यासाठी नव्हे. सुटताना कोणता बैल बुजला, मध्यावर कोणत्या बैलाने जोडीदाराला ओढून नेले, धुरकऱ्याने हात केव्हा सैल सोडला आणि केव्हा आवळला, याची चर्चा घरी परतताना जी चालते तीच त्या पटाची खरी फलश्रुती होय. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा जो बाजार भरतो, तेथेही खरेदीदार आधी घोड्याची चाल पाहतो आणि मग किंमत विचारतो. ज्यांना ही दृष्टी वंशपरंपरेने लाभली आहे, त्यांना न्यूमार्केट किंवा टोकियो येथील शर्यतीचे मर्म सांगावयाचे तर त्यासाठी नवा डोळा द्यावा लागणार नाही. फक्त स्थळ, नियम आणि प्रसंग यांचा परिचय करून द्यावा लागेल.

तो परिचय घरापासून आरंभावा हे उचित. महाराष्ट्रात सपाट शर्यतींची परंपरा दोन शतकांहून जुनी आहे. मुंबईत प्रथम भायखळ्यास शर्यती होत. १८८३ साली महालक्ष्मीचे मैदान सिद्ध झाले, आणि ते ऑस्ट्रेलियातील मेलबर्न नगरीच्या कॉलफील्ड मैदानाच्या धर्तीवर आखले गेले होते. पावसाळ्यात पुणे आणि हिवाळ्यात मुंबई असा रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचा हंगाम वाटलेला असतो. या क्लबच्या मैदानावर १९४३ पासून भारतीय डर्बी धावू लागली; तिचे अंतर २,४०० मीटर, आणि ती चार वर्षांच्या घोड्यांसाठी असते. पहिली डर्बी प्रिन्सेस ब्यूटिफुल नावाच्या घोडीने जिंकली, आणि तिचे धनी होते बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड.

याच प्रतापसिंहरावांचा आणखी एक घोडा येथे विस्ताराने स्मरणे अगत्याचे आहे, कारण मराठी नाव धारण करून जगातील अत्यंत प्राचीन शर्यतींपैकी एक जिंकणारा तो घोडा होता. १९४५ साली डांटे नावाच्या घोड्याने इंग्लंडची डर्बी जिंकली आणि त्याच वर्षी त्याचा सख्खा धाकटा भाऊ लिलावात उभा राहिला. महाराजांनी तो एक वर्षाचा बच्चा २८,००० गिनी देऊन विकत घेतला. त्या काळी एवढ्या वयाच्या घोड्यास मिळालेली ती विक्रमी किंमत होती. त्याचे नाव त्यांनी आपल्या आजोबांच्या स्मरणार्थ सयाजीराव ठेवले. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातून दत्तक जाऊन बडोद्यास ज्यांनी आदर्श राज्यकारभार केला, तेच हे सयाजीराव. १९४७ च्या एप्सम डर्बीत हा घोडा तिसरा आला, त्यानंतर त्याने आयरिश डर्बी जिंकली, आणि सप्टेंबर महिन्यात डॉनकास्टर येथे सेंट लेजर ही दीर्घ पल्ल्याची शर्यत अवघ्या डोक्याच्या अंतराने आपलीशी केली. त्या वेळी हिंदुस्थान स्वतंत्र होऊन महिनाही पुरता लोटला नव्हता, आणि बडोदा संस्थानाचे विलीनीकरण दोन वर्षांच्या आत व्हावयाचे होते. राज्य गेले, परंतु विजेत्यांच्या त्या जुन्या यादीत सयाजीराव हे नाव राहिले आहे, आणि ते तेथे पैशाने नव्हे, शेवटच्या काही पावलांतील जिद्दीने लिहिले गेले आहे.

पुणे परिसरातील घोड्यांच्या पैदाशीचा आणखी एक उपकार सर्वसामान्य माणसावर आहे. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेस दिले जात आणि त्यांच्या रक्तापासून विषावरील व रोगांवरील प्रतिद्रव्याची लस सिद्ध होई. घोड्यांची पैदास करणाऱ्या पूनावाला कुटुंबाच्या मनात या व्यवहारातूनच स्वतः असे उत्पादन करण्याचा विचार आला, आणि १९६६ मध्ये पुण्यास सीरम इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. आमच्याकडे पेरणीच्या दिवसांत सर्पदंश झालेल्या शेतमजुरास जे औषध टोचले जाते, ते आजही घोड्याच्याच रक्तातून तयार होते. म्हणून शर्यतीचा घोडा ही केवळ धनिकांची चैन आहे असे म्हणणाऱ्याने ही बाजूही ध्यानात घ्यावी.

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो. स्मरणीय कामगिरी कोणती म्हणावी? घड्याळाचा आकडा हा एक पुरावा आहे, प्रतिस्पर्ध्यापेक्षा किती लांबी पुढे राहिला हा दुसरा. पण दोन्ही पुरावे एकटे असताना अपुरे ठरतात. मैदान ओले की कोरडे, वारा कोणत्या दिशेचा, आघाडीच्या घोड्याने आरंभी गती किती ठेवली, पाठीवर वजन किती, यांवर घड्याळ अवलंबून असते. आणि दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांना वीस लांबी मागे टाकणे हे बलवानाला एका मानेने मागे टाकण्यापेक्षा मोठे असेलच असे नाही. या लेखांत जे प्रसंग निवडले आहेत त्यांची कसोटी निराळी आहे: त्या दिवशी त्या घोड्यापुढे कोणती अडचण उभी राहिली, आणि त्याने तिला काय उत्तर दिले. वेग हे जातिवंत घोड्याचे जन्मजात देणे आहे. वेगाची परीक्षा मात्र प्रसंगानेच होते. ज्या कामगिरीत अशी परीक्षा झाली नाही, ती कितीही नेत्रदीपक असली तरी येथे तिला दुय्यम स्थान दिले आहे.

या कसोटीवर फ्रँकेल या घोड्याची कारकीर्द पाहिली म्हणजे तिचा खरा अर्थ उलगडतो. १४ शर्यती आणि १४ विजय हा त्याचा हिशेब सर्वांना ठाऊक आहे. ३० एप्रिल २०११ रोजी न्यूमार्केटच्या सरळ मैलावर टू थाउजंड गिनीज या शर्यतीत तो दार उघडताच असा सुटला की, त्याच्यासाठी गती ठेवण्यास म्हणून धावणारा सहकारी घोडा मागेच राहिला आणि निम्मे अंतर कापेपर्यंत फ्रँकेल एकटाच दहा-पंधरा लांबी पुढे होता. शेवटी तो सहा लांबींनी जिंकला. प्रेक्षक थक्क झाले, परंतु त्याचे शिक्षक सर हेन्री सेसिल यांच्या चिंतेचे कारण नेमके हेच होते. असा उधळलेला घोडा एक मैल धावेल; त्याहून अधिक अंतर तो कसा पार करणार? त्याच वर्षी जून महिन्यात ॲस्कट येथे त्याला फार लवकर मोकळे सोडले गेले आणि अखेरीस दमत चाललेला फ्रँकेल पाऊण लांबीने कसाबसा निसटला, तेव्हा या चिंतेला पुष्टी मिळाली.

पुढचे वर्षभर सेसिल आणि त्यांच्या तबेल्यातील माणसांनी जे केले ते शक्ती वाढवण्याचे काम नव्हते, शक्तीला संयम शिकवण्याचे होते. रोज पहाटेच्या रपेटीत त्याला इतर घोड्यांच्या मागे ठेवावे, मान सैल सोडून श्वास घेण्यास शिकवावे, आणि मागितल्यावाचून बळ खर्च करू नये ही गोष्ट त्याच्या अंगवळणी पाडावी, असा तो क्रम होता. कर्करोगाने जर्जर झालेले सेसिल स्वतः दिवसेंदिवस क्षीण होत होते. २२ ऑगस्ट २०१२ रोजी यॉर्क येथे फ्रँकेल प्रथमच सव्वा मैलाहून अधिक अंतरावर उतरला. टॉम क्वीली याने त्याला रांगेच्या मागील बाजूस निवांत ठेवले, सरळ रस्ता लागल्यावर तो बाहेरच्या बाजूने सहज पुढे सरकला, आणि स्वाराने जवळजवळ काही न मागताच त्याने सात लांबींचे अंतर टाकले. न्यूमार्केटचा विजय वेगाचा होता. यॉर्कचा विजय शिक्षणाचा होता, आणि म्हणून या संग्रहात त्याला अग्रस्थान आहे. २० ऑक्टोबरला ॲस्कटच्या चिखलमय मैदानावर, सुटताना मागे पडूनही, चिखलात वाकबगार असलेल्या सिरस दे एगल या घोड्यास पावणेदोन लांबींनी हरवून त्याने निवृत्ती घेतली. पुढल्या वर्षीच्या जून महिन्यात सेसिल वारले. शिष्य आणि गुरू यांनी परस्परांस शेवटास नेले असे दृश्य क्रीडेच्या इतिहासात विरळा.

या कालखंडाचे दुसरे मोठे वैशिष्ट्य म्हणजे घोडींचे प्रभुत्व. घोडी नरापेक्षा दुबळी या समजाला वजनाच्या सवलतीतून नियमांनीच मान्यता दिलेली आहे. परंतु गेल्या काही वर्षांतील सर्वांत दृढ मनाच्या शर्यतपटूंची नावे काढावयाची तर ती बहुतांशी घोडींचीच निघतात. ऑस्ट्रेलियाची ब्लॅक कॅव्हियार २५ शर्यतींत एकदाही हरली नाही. मायदेशी ती बहुधा सहज जिंके. म्हणून तिची खरी ओळख पटते ती २३ जून २०१२ रोजी ॲस्कट येथे, अर्ध्या जगाचा प्रवास करून ती उतरली त्या दिवशी. अखेरच्या क्षणी विजय हातात आला असे वाटून स्वार ल्यूक नोलन याने हात सैल सोडले, मागून प्रतिस्पर्धी झेपावले, आणि घोडीने उरले होते ते सर्व देऊन एका डोक्याने आघाडी टिकवली. पुढे तपासणीत तिच्या स्नायूंना दुखापत झाल्याचे आढळले. निर्दोष कारकिर्दीतील सर्वांत अल्प अंतराचा हा विजय तिच्या चाहत्यांना प्रथम निराश करून गेला असेल. विचारान्ती तोच तिचा श्रेष्ठ विजय ठरतो.

तिच्याच देशातील विंक्स हिने मे २०१५ पासून एप्रिल २०१९ पर्यंत सलग ३३ शर्यती जिंकल्या आणि मेलबर्नची प्रसिद्ध कॉक्स प्लेट ओळीने चार वेळा आपल्याकडे ठेवली. किंग्स्टन टाऊन या घोड्याचा तीन वेळांचा मान तिने असा मागे टाकला. परंतु या ३३ विजयांतून एकच निवडावयाचा झाल्यास आम्ही कॉक्स प्लेट निवडणार नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सिडनी येथील एका शर्यतीत दार उघडल्यावर ती जागीच अडखळली आणि इतर घोडे कित्येक लांबी पुढे निघून गेले. स्वार ह्यू बोमन याने घाई केली नाही. घोडीला तिचा ठेका सापडू दिला, आणि शेवटच्या फर्लांगात तिने एकेक करून सर्वांना गाठत फॉक्सप्ले या आपल्याच तबेल्यातील घोडीस अगदी थोडक्यात मागे टाकले. धुरकऱ्याने आरंभीचा घोटाळा पाहून चाबूक उगारला असता तर जोडी बिथरली असती, हे शंकरपट पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. बोमनच्या त्या धीरातच विंक्सच्या उरलेल्या विजयमालिकेचे बीज होते.

इंग्लंडच्या एनेबल घोडीने २०१७ आणि २०१८ अशी लागोपाठ दोन वर्षे फ्रान्सची आर्क शर्यत जिंकली. दुसऱ्या वेळी दुखापतीमुळे बहुतेक हंगाम वाया गेल्यावर केवळ एका शर्यतीच्या सरावावर ती तेथे आली होती. तरीही जाणकार तिच्या नावाबरोबर २७ जुलै २०१९ चा दिवस काढतात. त्या दिवशी ॲस्कटच्या किंग जॉर्ज शर्यतीत क्रिस्टल ओशन हा बलाढ्य घोडा आणि ती, सरळ रस्ता लागल्यापासून शेवटच्या खांबापर्यंत, जणू एका जुवाला जोडल्याप्रमाणे धावत राहिली. दोघांपैकी कोणीही माघार घेतली नाही आणि फ्रँकी डेटोरीच्या हाताखाली ती एका मानेने पुढे राहिली. पराभूत घोड्याचाही सन्मान वाढवणारे विजय थोडे असतात, त्यांतील हा एक. पुढल्या वर्षी तीच शर्यत तिसऱ्यांदा जिंकून तिने पूर्वी कोणी न मिळवलेला मान मिळवला.

जपानची आमंड आय ही घोडी घड्याळाच्या बाजूने विचार करणाऱ्यांनाही समाधान देणारी आहे. २५ नोव्हेंबर २०१८ रोजी टोकियोच्या जपान कप शर्यतीत तिने २,४०० मीटरचे अंतर २ मिनिटे २०.६ सेकंदांत कापले, आणि तेव्हा हिरवळीवर त्या अंतराची ती जगातील उच्चांकी वेळ ठरली. परंतु या लेखकास २०१८ पेक्षा २०२० चा जपान कप अधिक मोलाचा वाटतो. महामारीमुळे प्रेक्षकसंख्या मर्यादित असलेल्या त्या मैदानावर तिच्यासमोर काँट्रेल आणि डेअरिंग टॅक्ट, म्हणजे नरांच्या व मादींच्या तिहेरी मुकुटाचे त्या वर्षीचे दोन अपराजित विजेते, एकाच वेळी उभे होते. ही तिची शेवटची शर्यत असल्याचे आधीच जाहीर झाले होते. न उतरता निवृत्त झाली असती तरी तिच्या कीर्तीस बाध आला नसता. ती उतरली आणि सव्वा लांबीने जिंकली. दुसरा काँट्रेल, तिसरी डेअरिंग टॅक्ट.

जपानने गेल्या काही दशकांत पैदास, शिक्षण आणि मैदानाची निगा या तिन्ही अंगांनी जी प्रगती केली तिचे फळ म्हणजे इक्विनॉक्स. २९ ऑक्टोबर २०२३ रोजी सम्राटाच्या नावाने धावणाऱ्या शरद्कालीन शर्यतीत त्याने २,००० मीटर १ मिनिट ५५.२ सेकंदांत पूर्ण केले. येथे घड्याळ आणि प्रसंग यांची साक्ष एकच पडते, कारण आघाडीच्या घोड्याने आरंभापासून जीवघेणी गती ठेवली होती, आणि अशा गतीच्या जवळ राहिलेले घोडे शेवटी कोसळतात हा सर्वसाधारण अनुभव असताना इक्विनॉक्स तिसऱ्या स्थानावरून पुढे येऊन अधिकच वेगाने निघून गेला. पुढल्याच महिन्यात जपान कप चार लांबींनी जिंकून तो निवृत्त झाला.

अमेरिकेची मैदाने मातीची, तेथील शर्यत आरंभापासूनच घाईची, आणि तेथील मोजमापही आकड्यांचे अधिक. १९७३ मध्ये सेक्रेटेरियटने बेलमाँट शर्यत ३१ लांबींनी जिंकली, त्या सावलीत पुढील प्रत्येक घोड्यास धावावे लागले. १९७८ नंतर तेथील तिहेरी मुकुट ३७ वर्षे कोणासच मिळाला नव्हता. कित्येक घोडे पहिल्या दोन शर्यती जिंकून तिसरीत, दीड मैलाच्या त्या कठोर अंतरावर, हरले होते. ६ जून २०१५ रोजी अमेरिकन फेरो आरंभापासून आघाडीवर राहून साडेपाच लांबींनी जिंकला, आणि एका पिढीची प्रतीक्षा संपली. २०२२ मधील फ्लाइटलाइन हा केवळ सहा वेळा धावला आणि सहाही वेळा जिंकला. डेल मार येथे त्याने १९ पूर्णांक एक चतुर्थांश लांबींचे अंतर टाकले तेव्हा पाहणारे स्तब्ध झाले. तरीही आमच्या कसोटीप्रमाणे त्याच्या परीक्षा थोड्या झाल्या असे म्हणणे भाग आहे, आणि त्या लेखात तसे स्पष्ट म्हटलेही आहे.

भारतीय अश्वांचा विभाग आकाराने लहान असला तरी आस्थेने लिहिला आहे. १९७७ ची भारतीय डर्बी जिंकणारा स्क्वॉन्डरर हा १९ पैकी १८ शर्यती जिंकून गेला, आणि आजही महालक्ष्मीवरील वृद्ध मंडळी नवा घोडा दिसला की आधी त्याच्याशी तुलना करतात. स्वार म्हणून आठ वेळा भारतीय डर्बी जिंकणाऱ्या पेसी श्रॉफ यांनी पुढे शिक्षक म्हणूनही हीच शर्यत जिंकली. २०१० मध्ये नरांना हरवून डर्बी नेणारी जॅकलिन ही घोडी आणि २०१६ मध्ये सूरज नरेडू याने नेलेला डेझर्ट गॉड, हे अलीकडच्या काळाचे प्रतिनिधी म्हणून निवडले आहेत. आपल्याकडे या शर्यतींचे चित्रण, नोंदी आणि त्यांवरील गंभीर लेखन यांची जी उपेक्षा झाली, ती दूर होईपर्यंत आपले घोडे जगाच्या स्मरणात जेवढे राहावयास हवेत तेवढे राहणार नाहीत, ही खंत येथे नमूद करतो.

शर्यतीच्या गुणगानाबरोबर तिच्या दोषांचा विचार न करणे हे अप्रामाणिकपणाचे होईल. पैजेने घरे धुळीस मिळतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नव्हे तर कौशल्याचा खेळ आहे असा निवाडा दिला आणि १९१२ च्या कायद्याखाली आपल्या राज्यात तिला परवाना मिळतो, तरी कायद्याची संमती म्हणजे संसाराची सुरक्षितता नव्हे. या पुस्तकात कोठेही पैजेची भलामण नाही. दुसरा दोष त्याहून गंभीर, कारण त्याचे भोग मुक्या जिवाला भोगावे लागतात. २०१९ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील सांता अनिता मैदानावर काही महिन्यांत तीसच्या आसपास घोडे मृत्युमुखी पडले, तेव्हा अमेरिकेस मैदानाची सुरक्षितता आणि औषधांचा वापर यांवर नियंत्रण ठेवणारा राष्ट्रीय कायदा करावा लागला. इंग्लंडमध्ये २०२३ पासून सपाट शर्यतीत सहापेक्षा अधिक वेळा चाबूक वापरणाऱ्या स्वारास शिक्षा होते, आणि ही मर्यादा फार ओलांडल्यास जिंकलेला घोडाही बाद ठरतो.

आमच्या भागाला या वादाची ओळख आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्रात त्या अटींसह पुन्हा सुरू करण्यास अनुमती दिली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. या साडेसात वर्षांच्या बंदीत पटशौकिनांना दुःख झाले हे खरे, पण पुराणी, काठीचा मार आणि शेपूट पिरगाळणे यांवाचून जोडी पळू शकत नसेल तर तो पळ कोणाचा, हा प्रश्नही त्याच काळात गावोगावच्या पारांवर विचारला गेला, आणि तो विचारला गेला हे हितकारक झाले. घोड्यांच्या शर्यतीलाही हाच प्रश्न लागू आहे. वर वर्णिलेल्या श्रेष्ठ प्रसंगांकडे पुन्हा पाहिले तर असे दिसेल की, त्यांतील एकही विजय मारझोडीने मिळवलेला नाही: यॉर्कला स्वाराचे हात स्थिर होते, सिडनीत त्याने वाट पाहिली. उत्कृष्ट कामगिरी आणि प्राण्याविषयीची दया यांत विरोध नाही, उलट पहिली दुसरीवाचून संभवत नाही, हा या संग्रहाचा मुख्य सिद्धान्त आहे. त्याच्या समर्थनार्थ लेखांत पुरावा दिला आहे, केवळ भावना व्यक्त केलेली नाही.

ग्रंथाच्या रचनेविषयी दोन शब्द. लेखांचे चार विभाग केले आहेत: पहिल्यात भारतीय मैदाने व अश्व, दुसऱ्यात फ्रँकेल आणि युरोप, तिसऱ्यात घोडींची परंपरा, आणि चौथ्यात जपान व अमेरिका. प्रत्येक लेखात शर्यतीचे अंतर मीटरमध्ये दिले असून, जुन्या शर्यतींच्या बाबतीत मैल व फर्लांग ही रूढ परिमाणे कायम ठेवली आहेत. घोड्याची लांबी, मान, डोके ही अंतरे शर्यतीच्या परिभाषेतली असल्याने तशीच योजली आहेत. वंशावळीचा भाग मुद्दाम संक्षिप्त ठेवला आहे, कारण घोडा कोणाचा वंशज आहे यापेक्षा त्याने प्रसंगी काय केले, हे सांगणे येथे अभिप्रेत आहे. ज्यांना या विषयाची पूर्वी काहीच माहिती नाही त्यांनी यॉर्कच्या शर्यतीवरील लेख प्रथम वाचावा. शर्यतीचा नियम, स्वाराचे काम आणि घोड्याचा स्वभाव या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र समजतात.

या शर्यतींची चित्रफीत आज खेड्यातल्या तरुणाच्याही हातातील फोनवर सहज उपलब्ध आहे. लेख वाचून झाल्यावर ती एकदा पाहावी, आणि मग एकदा विजेत्याकडे न पाहता स्वाराच्या हातांकडे व घोड्याच्या कानांकडे लक्ष ठेवून पाहावी, अशी वाचकास विनंती आहे. तसे पाहणारा वाचक पुढच्या खेपेस आपल्या गावच्या पटावर गेला आणि ज्या जोडीवर काठी उगारली गेली नाही तिच्या धावेला त्याने इतरांपेक्षा अधिक मान दिला, तर हे पुस्तक लिहिण्याचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.

वाशिम